रोज ७०० नव्या चेतापेशी, आणि यजमानांचा विसराळूपणा

प्रश्न : मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. आमचे हे ७० वर्षांचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. सातारा स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा त्यांना झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता यायच्या. दीड वर्षापूर्वी आम्ही मुलाकडे पुण्याला राहायला आलो, नवव्या मजल्यावर. गेल्या सात-आठ महिन्यांत त्यांचा विसराळूपणा फार वाढलाय. एकच गोष्ट तासाभरात तीनदा विचारतात. फारसं बोलत नाहीत, खाली उतरत नाहीत, दिवसभर टीव्ही मोठ्या आवाजात लावून बसतात. झोप लागत नाही म्हणून दोन वर्षांपासून गोळी घेतात. मधुमेह बारा वर्षांचा, मेटफॉर्मिन तेव्हापासून चालू आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी. त्यांच्या थोरल्या बहिणीला अल्झायमर होता, त्यामुळे माझ्या पोटात गोळा येतो.

मुलाने एक मेसेज दाखवला : मेंदूत रोज ७०० नव्या चेतापेशी तयार होतात आणि तो वेग तिप्पट करणारा तीन महिन्यांचा कोर्स आहे. चूर्ण, डोक्याला लावायचा पट्टा आणि ऑनलाइन व्यायाम मिळून १८ हजार रुपये. एका नातेवाइकांनी मूलपेशींचं, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या पेशींचं, इंजेक्शन सुचवलंय, त्याचा खर्च लाखांत. मी तर वर्गात कायम हेच शिकवलं की चेतापेशी पुन्हा तयार होत नाहीत. मी चुकीचं शिकवलं का? यांच्या मेंदूत खरंच नव्या पेशी येतील का? पैसे भरू का?
– एक वाचक, पुणे

बाई, नमस्कार.

पैसे भरू नका. कोर्सचेही नाहीत आणि इंजेक्शनचे तर मुळीच नाहीत. कारणं पुढे सांगते, पण हे आधी लिहिलं, कारण अशा जाहिरातींना नेहमी ‘सवलत आज रात्रीपर्यंतच’ अशी शेपटी असते आणि घरात काळजी असली की माणूस त्या घाईत सापडतो.

तुमच्या यजमानांबद्दल लिहिण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं बहुतेक तुम्हीच पत्रात लिहून ठेवलंय, कदाचित नकळत. त्याकडे येते. पण विज्ञानाचा प्रश्न तुम्ही इतक्या तळमळीने विचारलाय की त्याला दोन ओळींत गुंडाळणं मला बरं वाटणार नाही. तुम्ही काय शिकवलंत आणि त्यानंतर काय सापडलं, ते नीट सांगते.

तुमच्या फळ्यावरचं वाक्य आलं स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहाल यांच्याकडून. मेंदू असंख्य सुट्या चेतापेशींचा बनलेला आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी दाखवलं आणि १९०६ चं नोबेल कामिल्लो गोल्जी यांच्यासोबत मिळवलं. प्रौढ मेंदूतले मार्ग पक्के ठरलेले असतात, तिथे सगळं मरू शकतं पण नव्याने काही जन्मत नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्याच परिच्छेदात त्यांनी हेही लिहिलं की हा कठोर निवाडा शक्य असेल तर बदलणं भविष्यातल्या विज्ञानाच्या हातात आहे. पहिला भाग पाठ्यपुस्तकांनी उचलला, दुसरा बहुतेकांनी सोडून दिला.

पहिला तडा १९६२ साली गेला. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत काम करणाऱ्या जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांवर एक साधी युक्ती वापरली. पेशी विभागताना तिला डीएनएची नवी प्रत काढावी लागते आणि त्यासाठी थायमिडीन नावाचं द्रव्य लागतं. हे थायमिडीन किरणोत्सारी करून टोचलं की जी पेशी त्या काळात जन्मेल तिच्यावर कायमची खूण उमटते. अशा खुणा ऑल्टमन यांना प्रौढ मेंदूत सापडल्या. १९६५ मध्ये त्यांनी आणि गोपाळ दास यांनी मिळून दाखवलं की हिप्पोकॅम्पस या भागात उंदराच्या जन्मानंतरही चेतापेशी तयार होत राहतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या आत खोलवर दडलेली वळणदार पट्टी. उजवीकडे एक, डावीकडे एक. कालच्या घटना, रस्ते, माणसं आज आठवायला हीच लागते, आणि अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच मार बसतो तोही हिलाच.

या शोधाचं पुढे काय झालं, हे सांगताना मला आजही वाईट वाटतं. कोणी तो खोटा ठरवला नाही, फक्त लक्ष दिलं नाही. १९७७ मध्ये मायकेल कॅप्लान यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी खरोखर चेतापेशीच आहेत हे दाखवलं, तरी फार फरक पडला नाही. मग १९८३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फर्नांडो नॉटेबोम आणि स्टीव्हन गोल्डमन यांना कॅनरी पक्ष्याच्या मेंदूत, गाण्याशी संबंधित भागात, मोठेपणीही नव्या चेतापेशी येताना दिसल्या. पक्ष्यांत असेल, लोक म्हणाले. माणसाच्या जवळच्या प्राण्याचं काय? १९८५ मध्ये येल विद्यापीठातल्या पास्को राकिच यांनी ऱ्हीसस माकडांचे मेंदू तपासले आणि त्यांना नव्या चेतापेशी सापडल्या नाहीत. त्यांचा तर्क विचार करण्यासारखा होता : ज्या प्राण्याला आयुष्यभर शिकलेलं जपून ठेवायचंय, त्याला जुन्याच पेशी टिकवणं फायद्याचं. पुढे दुसऱ्या प्रयोगशाळांना माकडांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी सापडल्या, पण राकिच यांचा आक्षेप अजून पूर्ण निकाली निघालेला नाही, आणि तो निघाला नाही म्हणूनच या विषयात काम काटेकोर झालं.

माणसातला पहिला पुरावा १९९८ चा. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गचे पीटर एरिक्सन आणि अमेरिकेतले फ्रेड गेज यांनी तो मांडला. जीभ, स्वरयंत्र, घसा यांच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना गाठ किती वेगाने वाढते हे पाहण्यासाठी नव्या पेशींवर खूण करणारं एक द्रव्य दिलेलं होतं. त्यांतल्या पाच जणांचे मेंदू मृत्यूनंतर अभ्यासायला मिळाले. वयं ५७ ते ७२. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये खूण असलेल्या चेतापेशी दिसल्या, म्हणजे त्या पेशी आजारपणाच्या त्या दिवसांत जन्मलेल्या होत्या. त्या पाच अनोळखी रुग्णांबद्दल मला फार आदर वाटतो. स्वतःच्या आजारातून त्यांनी जे दिलं, ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळालं नसतं.

आता तुमच्या मेसेजमधला ७०० चा आकडा. तो खोटा नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन आणि कर्स्टी स्पाल्डिंग यांच्या गटाने २०१३ मध्ये तो काढला, आणि कसा काढला हे विज्ञानाच्या शिक्षिकेला सांगितलंच पाहिजे. १९६३ पर्यंत मोठ्या देशांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या. त्यामुळे हवेतला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जवळजवळ दुप्पट झाला, चाचणीबंदी करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. हवेतून झाडात, झाडातून आपल्या ताटात. पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीचं कार्बन-१४ चं प्रमाण तिच्या डीएनएत कायमचं राहतं. म्हणजे माणूस १९५० चा आणि त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशींच्या डीएनएत कार्बन-१४ नंतरच्या काळातला निघाला, तर त्या पेशी नंतर आलेल्या. या हिशेबाने प्रौढ माणसाच्या एका हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला सुमारे ७०० नव्या चेतापेशींची भर पडते, असा अंदाज आला. वयानुसार तो वेग उतरतो, पण थोडासाच.

आता गणित करू. दोन्ही बाजू धरून दिवसाला १,४००, वर्षाला साधारण पाच लाख. मेंदूत एकूण चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी. माणूस शंभर वर्षं जगला तरी पाच कोटीच्या आसपास भर पडेल. आणि ही भर मुख्यतः हिप्पोकॅम्पसमधल्या एका छोट्या पट्ट्यातच पडते. आपण विचार करतो, बोलतो, हिशेब करतो तो मेंदूचा वरचा सुरकुत्यांचा थर याच फ्रिसेन यांच्या गटाने याच पद्धतीने २००६ मध्ये तपासला होता. तिथल्या चेतापेशी माणसाच्या वयाच्याच निघाल्या. तेव्हा बाई, तुमचं वाक्य मेंदूच्या बहुतेक भागाला आजही लागू आहे. नात विचारेल तेव्हा एवढंच जोडा : ‘एखाद्या छोट्या भागाचा अपवाद असावा.’

‘असावा’ असंच लिहिलंय, कारण वाद संपलेला नाही. २०१८ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोमधल्या आर्तुरो अल्वारेझ-बुइया यांच्या गटाने माणसांच्या हिप्पोकॅम्पसचे ५९ नमुने तपासून सांगितलं की कोवळ्या चेतापेशी बालपणी झपाट्याने कमी होतात आणि प्रौढांत त्यांना एकही सापडली नाही. हे गृहस्थ तरुणपणी नॉटेबोम यांच्याच प्रयोगशाळेत पक्ष्यांतल्या नव्या चेतापेशींवर काम करत होते, म्हणजे या कल्पनेचे वैरी नव्हेत. दुसऱ्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून मौरा बोल्द्रिनी यांनी १४ ते ७९ वयाच्या २८ जणांचे मेंदू तपासून नेमकं उलट सांगितलं : सत्तरी ओलांडली तरी पेशी तयार होतात. पुढच्या वर्षी माद्रिदच्या मारिया ल्योरेन्स-मार्टिन यांच्या गटाने या फरकाचं एक कारण पुढे आणलं. कोवळ्या पेशी ओळखण्यासाठी डबलकॉर्टिन नावाचं प्रथिन शोधतात. मेंदू टिकवण्यासाठीच्या रसायनात जास्त वेळ बुडवून ठेवला तर ते प्रथिन सापडेनासं होतं. वेळेचं भान ठेवून त्यांनी ४३ ते ८७ वयाच्या निरोगी माणसांचे मेंदू पाहिले, तर हजारो कोवळ्या पेशी. अल्झायमरच्या रुग्णांत मात्र त्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यापासूनच कमी. २०२५ मध्ये फ्रिसेन यांच्या गटाने पेशी-पेशीतली जनुकं वाचून ज्या पेशी विभागून नव्या चेतापेशी देतात त्याच प्रौढांत दाखवल्या, पण माणसामाणसांत फार फरक दिसला : काहींत पुष्कळ, काहींत जवळजवळ नाहीतच. हे सगळं वाचून माझा कल ‘होय, थोड्या प्रमाणात तयार होतात’ याकडे आहे. तरी शंका घेणाऱ्यांनी ज्या अडचणी दाखवल्या त्या खऱ्या आहेत आणि मी त्यांना वजन देते.

या पेशी काय करतात? इथलं ज्ञान बहुतांशी उंदरांचं आहे. हिप्पोकॅम्पसच्या आतल्या काठावर मूलपेशी असतात. त्या विभागतात, पिल्लू पेशी थोडी सरकते, फांद्या फुटतात, जुन्या जाळ्याशी जोडणी होते. उंदरात याला काही आठवडे लागतात आणि बहुतेक पेशी त्या आधीच मरतात. शिकण्याचं काम मिळालं तर जास्त टिकतात. पिंजऱ्यात धावायला चाक दिलं तर जास्त जन्मतात, हे हेन्रिएट व्हान प्राग आणि गेज यांनी १९९९ मध्ये दाखवलं. दीर्घ ताणाखाली कमी होतात. त्यांचं एक महत्त्वाचं काम म्हणजे सारख्या दिसणाऱ्या आठवणी वेगळ्या ठेवणं : गाडी काल खांबाजवळ लावली होती, आज भिंतीजवळ लावलीय, यातला आज आणि काल एकमेकांत मिसळू न देणं.

पण जास्त पेशी म्हणजे जास्त स्मरणशक्ती, हे गणित तिथेही बसत नाही. टोरांटोच्या पॉल फ्रँकलंड आणि शीना जोसेलिन यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांत दाखवलं की नव्या पेशींचा वेग वाढवला तर आधी तयार झालेल्या आठवणी पुसट होतात. लहानपणीचं आपल्याला आठवत नाही, यामागेही त्या वयातली पेशींची भरभराट असावी असा त्यांचा विचार आहे. अपस्माराच्या झटक्यांनंतर उंदरांत नव्या पेशी भलत्या जागी जाऊन बसतात आणि त्रासच वाढवतात. तेव्हा ‘वेग तिप्पट’ हे आमिष म्हणून ठीक वाटतं, पण खरोखर कोणी ते करू शकलं असतं तर मी तुम्हाला आधी घाबरायलाच सांगितलं असतं.

आणि कोणी ते करू शकत नाही. जिवंत माणसाच्या मेंदूत रोज किती चेतापेशी जन्मतात हे मोजणारी कुठलीही तपासणी दवाखान्यात नाही, एमआरआयमध्येही ते दिसत नाही. वर सांगितलेलं माणसांचं संशोधन मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंवर किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांवर झालेलं आहे. मग डोक्याचा पट्टा लावून वेग तिप्पट झाला, हे कंपनीला कसं कळलं? मुलाला एवढाच प्रश्न त्यांना विचारायला सांगा. चूर्णाबाबत माझी वेगळी काळजी आहे : त्यात काय आहे हे नीट लिहिलेलं नसेल तर साखरेच्या आणि झोपेच्या गोळ्यांबरोबर ते देणं धोक्याचं आहे.

इंजेक्शनबद्दल त्याहून कडक शब्दांत लिहिते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचा वापर फक्त परवानगी असलेल्या संशोधन-चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. विसराळूपणावर मूलपेशी टोचून लाखो रुपये मागणारा माणूस, पांढरा कोट घातलेला असला तरी, तुमच्या भीतीचा सौदा करतोय. नातेवाइकांचा हेतू चांगला असेल. तरी नाही म्हणा.

आता यजमानांकडे येऊ. बाई, तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं ते केवळ यासाठी, की त्यात विसराळूपणाची अशी अनेक कारणं ओळीने आली आहेत जी तपासता येतात आणि त्यांतली काही बरी होतात.

मेटफॉर्मिन बारा वर्षं आणि आहार पूर्ण शाकाहारी. मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, ते मनाने बंद करू नका. पण ते दीर्घकाळ घेतलं की शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी शोषलं जातं, आणि शाकाहारात ते मुळात दूधदुभत्यातूनच काय ते मिळतं. बी-१२ कमी पडलं की विसर पडतो, माणूस मंदावतो, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं आणि गोळ्या-इंजेक्शनांनी भरून निघतं. मात्र उशीर झाला तर नसांचं झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही, म्हणून ही तपासणी या आठवड्यातच करून घ्या. त्याच वेळी थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम, मूत्रपिंडाचं काम आणि साखरही पाहून घ्यावी. साखर जास्त आहे की नाही एवढंच बघू नका. मेटफॉर्मिनबरोबर दुसरी एखादी गोळी असेल तर पहाटे साखर फार उतरते का, हेही विचारा. वारंवार उतरणारी साखर म्हाताऱ्या मेंदूला त्रास देते.

झोपेची गोळी दोन वर्षं. या वयात अशा बऱ्याच गोळ्या दुसऱ्या दिवशीही अंगात राहतात. त्यांनी नवीन आठवण पक्की होत नाही, तोल जातो, माणूस झोपाळलेला राहतो. सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या आणि लघवीच्या तक्रारीवरची काही औषधंही स्मरणशक्तीवर परिणाम करतात. पण झोपेची गोळी एकदम थांबवू नका. अचानक बंद केली तर बेचैनी, थरथर, कधी झटकेही येऊ शकतात. डॉक्टर ती हळूहळू कमी करून देतील. ते जोराने घोरतात का, झोपेत मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे रात्री पाहा आणि तेही सांगा.

टीव्हीचा मोठा आवाज. हे वाचताच मी थांबले. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला आपण सांगितलेलं मुळात पोचतच नाही, मग ते लक्षात कसं राहणार? तीनदा विचारलेल्या प्रश्नाचं एखादं उत्तर तरी त्यांनी ऐकलंच नसेल. ऐकू कमी येणारा माणूस गप्प होतो, घोळक्यात जायला नको म्हणतो, आणि घरचे म्हणतात यांचा स्वभावच बदलला. ऐकू न येणं हे डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, टाळता येणाऱ्या प्रमुख जोखमींपैकी एक आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये अशा १४ जोखमी मोजल्या आणि त्या सगळ्या आवरता आल्या तर जगातले जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येतील असा अंदाज दिला. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, दृष्टी, एकटेपणा, हालचालीचा अभाव हे त्यातच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून आधी कानातला मळ काढून घ्या, मग श्रवणचाचणी. मशीन लागलं तर त्यांना लाज वाटेल. तुम्ही चष्मा घालताना लाजला नाहीत, हे त्यांना तुमच्या शब्दांत सांगा.

चौथी गोष्ट मला सर्वांत जास्त सलते. ज्या माणसाला रोज शेकडो लोक ‘साहेब, कोल्हापूर किती वाजता?’ म्हणून विचारायचे, त्याला आता दिवसभरात कोणी काहीच विचारत नाही. साताऱ्याचा कट्टा गेला, ओळखीचे रस्ते गेले. बोलत नाहीत, खाली उतरत नाहीत, झोप नाही. या वयातलं नैराश्य रडत येत नाही, ते असंच येतं, आणि हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखं दिसतं. त्यावर औषध आहे. डॉक्टरांसमोर हे सांगताना ‘पुण्याला आल्यापासून’ हे शब्द वगळू नका, आणि ‘आता जगून काय करायचं’ असं काही ते बोलत असतील तर तेही लपवू नका.

बहिणीला अल्झायमर होता म्हणून यांना होणारच, असं नाही. जवळच्या नात्यात असला तर शक्यता काहीशी वाढते, एवढंच. मी तुम्हाला खोटा दिलासाही देणार नाही : वर सांगितलेलं सगळं तपासून, सुधारूनही विसर वाढतच राहिला तर तो अल्झायमरचा आरंभ असू शकतो. तसं निघालं तरी लवकर कळण्याचा फायदा असतो. औषधांनी काही काळ मदत होते, पैशांचे आणि कागदपत्रांचे निर्णय ते स्वतः घेऊ शकतात तोवर घेता येतात, आणि तुम्हाला एकटीने ओढाताण करावी लागत नाही.

चालणं सुरू करा. यासाठी मी नव्या चेतापेशींचा हवाला देणार नाही, कारण माणसात तेवढा पुरावा नाही. २०११ मध्ये अमेरिकेत १२० वयस्कर लोकांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं भरभर चालायचं, बाकीच्यांनी हलके ताणाचे व्यायाम. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढला, दुसऱ्यांचा थोडा आक्रसला. पण ती वाढ नव्या चेतापेशींची, रक्तवाहिन्यांची की जोडण्यांची, हे स्कॅनवरून कळत नाही, आणि स्मरणशक्ती दोन्ही गटांची सुधारली. चालण्याने साखर, रक्तदाब, झोप आणि मन चारही सुधारतात, हे मात्र पक्कं आहे, आणि यांतली बहुतेक गाठोडी तुमच्या घरी आहेत. लिफ्टने खाली उतरून सोसायटीला एक फेरी, इथून सुरुवात करा. ‘चला फिरायला’ म्हटलं तर ते येणार नाहीत. ‘भाजी आणायची आहे, पिशवी धरायला चला’ म्हटलं तर येतील. पुण्यात स्वारगेटला एसटीचे निवृत्त लोक भेटतात का याची मुलाने चौकशी करावी. महिन्यातून एकदा साताऱ्याला जाऊन या, आणि जायची गाडी त्यांना ठरवू द्या.

आणि शिकण्याचं काय? माणूस सत्तरीत शिकतो तेव्हा बहुतेक काम जुन्याच चेतापेशी करतात. त्यांच्यातल्या जोडण्या घट्ट होतात, सैल होतात, नव्या फुटतात, आणि हे शेवटपर्यंत चालतं. अर्धांगवायूनंतर हात पुन्हा हलायला लागतो तोही प्रामुख्याने शाबूत राहिलेल्या भागांनी काम उचलल्यामुळे. तेव्हा यजमानांच्या मेंदूत नव्या पेशी येतील का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : थोड्या येत असतील. पण त्यांचं बरं होणं त्या पेशींवर अडून राहिलेलं नाही.

फिजिशियनकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेल्याही. काय विसरतात, केव्हापासून, याचे दोन-चार प्रसंग तारखांसकट कागदावर लिहा. पैशांचे हिशेब जमतात का, ओळखीच्या रस्त्यावर कधी वाट चुकले का, हे डॉक्टर विचारतीलच. स्मरणशक्तीची छोटी चाचणी मराठीतही होते, ती करून घ्या. त्यांच्यासमोर त्यांचे विसर मोजून दाखवू नका. तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि बोलायला त्यांना पुढे करा. गरज वाटली तर फिजिशियनच न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतील.

एका गोष्टीत मात्र आठवड्याचीही वाट पाहू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत ते कुठे पडले असतील, डोकं आपटलं असेल आणि त्यानंतर विसर वाढला असेल, तर लगेच दाखवून सीटी स्कॅन करून घ्या. या वयात डोक्यात हळूहळू रक्त साचतं आणि शस्त्रक्रियेने ते काढता येतं. आणि बोलणं अचानक जड झालं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा एका दिवसात ते भलतंच बरळायला लागले, तर १०८ ला फोन करून सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. अर्धांगवायूतलं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्रास सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतील.